रांजण कोण भरणार?

पाणपोई घालणे हे आपल्या मुलखात फार जुन्या काळापासून पुण्याचे काम मानले गेले आहे. उन्हाळा सुरू झाला की रस्त्याच्या कडेला लहानसा मांडव उभा राहतो, वाळूवर रांजण मांडला जातो, त्याला ओले फडके गुंडाळले जाते आणि वर दात्याच्या नावाची पाटी लागते. पहिले चार दिवस रांजण काठोकाठ भरलेला असतो. पंधरा दिवसांनी त्याच मांडवाखाली जाऊन पाहावे. पाटी जागच्या जागी असते. रांजणाच्या तळाशी मात्र ओंजळभर पाणी आणि त्यात पडलेली वाळकी पाने. दात्याचा हेतू खोटा होता असे कोणीही म्हणणार नाही. पाणपोई एका दिवसात घालता येते, रांजण मात्र रोज भरावा लागतो, ही साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती, एवढेच.

परोपकाराच्या प्रत्येक कामात हा रांजणाचा प्रश्न दडलेला असतो. दाता एका देशात आणि घेणारा दुसऱ्या देशात असला, की तो अधिकच अवघड होतो. आजची तरुण पिढी स्वतःपलीकडे पाहत नाही, अशी तक्रार आपण वडीलधारी माणसे वारंवार करतो. आमचा अनुभव निराळा आहे. तरुणांच्या ठायी देण्याची ऊर्मी आजही आहे आणि ती गावाच्या, भाषेच्या, देशाच्या सीमा सहज ओलांडून जाते. त्या ऊर्मीचे पुढे काय व्हावे, याविषयी धर्मग्रामातील कुटुंबांशी चार शब्द बोलावेत, म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील काही युवक-युवती एक प्रस्ताव घेऊन आमच्याकडे आली. चाळीस दिवस बाहेरचे खाणे, सिनेमा आणि अशाच लहानसहान हौशी सोडून वाचलेले पैसे एकत्र करायचे आणि त्यांतून आफ्रिकेतील एखाद्या गावाला पिण्याच्या पाण्याची कूपनलिका खोदून द्यायची, असा त्यांचा बेत होता. आमच्या परिचयाच्या एक धर्मभगिनी युगांडात सेवाकार्य करतात. त्यांच्यामार्फत गाव शोधावे, असेही त्यांनी सुचवले. धर्मग्रामाच्या बैठकीत ही गोष्ट निघाली तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ उठून म्हणाले, "फादर, आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बाया डोक्यावर हंडे घेऊन उन्हातान्हात रखडतात. ते सोडून ही पोरे आफ्रिकेत कुठे निघाली?"

हा प्रश्न हसून टाळण्यासारखा नव्हता आणि आम्ही तो टाळलाही नाही. जवळच्याची तहान विसरून दूरच्याला पाणी पाजणे ही शोभेची दया होय. परंतु इतिहासाकडे पाहिले तर दुसरी बाजूही दिसते. आज आपण देणारे म्हणून उभे राहत आहोत. कालपर्यंत आपण घेणारे होतो. आपल्या देशातील किती तरी मिशन-केंद्रे, शाळा आणि दवाखाने ज्या पैशांवर उभे राहिले, त्यांत परदेशातील अगदी सामान्य माणसांची नाणी होती. त्या माणसांच्या दारातही गरिबी होतीच.

फ्रान्समधील लिऑन शहरातील पोलीन जारिको या तरुणीचे चरित्र या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. तिचा जन्म १७९९ सालचा. घराणे रेशमाच्या व्यापारातील, सुखवस्तू. दूरदेशीच्या मिशनांना मदत करण्यासाठी तिने कामगार स्त्रियांना हाताशी धरले आणि एक सोपी योजना आखली. प्रत्येकीने दहा माणसे जोडायची आणि प्रत्येकाकडून आठवड्याला एक ‘सू’, म्हणजे अगदी हलके नाणे, गोळा करायचे. दहांच्या गटांचे शंभर, शंभरांचे हजार. १८२२ साली या धडपडीतून श्रद्धाप्रसार संस्था स्थापन झाली, तेव्हा पोलीन अवघी बावीस वर्षांची होती. या संस्थेची मदत पुढे जगभरातील मिशनांना पोहोचली. २२ मे २०२२ रोजी लिऑन येथेच पोलीनला धन्यवादित घोषित करण्यात आले.

त्या योजनेचे मर्म नाण्याच्या किमतीत नव्हते. दर आठवड्याला कोणीतरी दहा घरांची दारे ठोठावीत होते, हिशेब लिहीत होते आणि दूरच्या माणसांची बातमी त्या घरांत सांगत होते. रांजण रोज भरण्याची ती व्यवस्था होती. याच पोलीनच्या उत्तरायुष्यात आणखी एक धडा आहे. कामगारांना माणुसकीने वागवणारा एक आदर्श लोखंड-कारखाना उभारावा, म्हणून तिने पैसा ओतला. पण कारभार ज्यांच्या हाती दिला त्यांनी विश्वासघात केला. उरलेले आयुष्य तिने देणेकऱ्यांची रक्कम फेडण्यात घालवले आणि १८६२ साली अत्यंत गरिबीत तिचे निधन झाले. हृदय तेच आणि हेतूही तोच. एका कामात पै-पैवर नजर ठेवणारी दहा-दहांची साखळी होती, दुसऱ्यात ती नव्हती.

अलीकडच्या काळातील एक उदाहरण आमच्या तरुणांनीच आम्हांला सांगितले. कॅनडातील रायन हर्लजॅक हा मुलगा १९९८ साली पहिलीच्या वर्गात होता. जगात कित्येकांना शुद्ध पाणी मिळत नाही आणि त्यामुळे माणसे आजारी पडून दगावतात, असे त्याच्या शिक्षिकेने वर्गात सांगितले. सत्तर डॉलरांत विहीर होते, असे त्याच्या कानी आले. घरातली वरकड कामे करून त्याने चार महिन्यांत ती रक्कम जमवली. पैसे देण्यास गेल्यावर त्याला कळले, की सत्तर डॉलरांत केवळ हातपंप येतो. कूपनलिका खोदायची तर दोन हजार डॉलर लागतील. मोठ्या माणसाने तिथेच नाद सोडला असता. या मुलाने आणखी कामे करण्याची तयारी दाखवली. शेजारी, शाळा, वर्तमानपत्रे यांच्यापर्यंत ही गोष्ट गेली आणि १९९९ साली उत्तर युगांडातील अंगोलो येथील प्राथमिक शाळेत पहिली कूपनलिका झाली. पुढल्या वर्षी तो स्वतः तेथे जाऊन आला. तेथील त्याचा एक पत्रमित्र यादवीतून जीव वाचवून पुढे कॅनडात आला आणि रायनच्याच घरचा मुलगा होऊन राहिला. २००१ साली स्थापन झालेली रायनच्या नावाची संस्था आजही पाण्याचे काम करीत आहे.

ही गोष्ट ऐकून आम्हांला आनंद झाला. मग आम्ही त्या मुलामुलींना एवढेच विचारले, "पंप बिघडला तर तो दुरुस्त कोण करतो?"

हा प्रश्न पडण्याचे कारण होते. २००९ साली ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्याने सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकी देशांची आकडेवारी प्रसिद्ध केली होती. तिच्यानुसार तेथील हातपंपांपैकी सुमारे एक-तृतीयांश बंद होते. ही आकडेवारी जुनी झाली. पण तिच्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. पंपाच्या आत पाणी ओढणारा वायसर झिजतो. सळई तुटते. पाण्यात आम्लाचा अंश असेल तर जस्ताचा मुलामा दिलेले पाइपही गंजतात आणि पाणी तांबूस येऊ लागते. वायसरची किंमत ती काय! पण तो मिळण्याचे ठिकाण दिवसभराच्या वाटेवर, बसवणारा मिस्त्री त्याहून दूर, आणि वर्गणी काढून ठेवणारी पाणी समिती कागदावर. मग बायका पुन्हा जुन्या डबक्याकडे वळतात. पंप मात्र दात्याच्या पाटीसह उभा राहतो.

तरुणांनी धर्मभगिनींना पत्र पाठवून गावाची चौकशी केली. उत्तर यायला दीड महिना लागला. पास्काचा सण होऊन गेला होता. सिस्टरांनी गावातल्या बायकांना एकत्र बसवून विचारले होते, आणि त्या बायकांचे म्हणणे असे होते, की आम्हांला नवी कूपनलिका नको. गावात दोन आहेत. दोन्हींवरचे पंप बंद आहेत. ते चालू करून द्या आणि आमच्यातल्या दोघीतिघींना दुरुस्ती शिकवा. सोबत पंपाचे छायाचित्र होते आणि पंपाचा प्रकार कळवला होता : ‘यू-टू’.

आमच्या युवा मंडळात अभियांत्रिकी पदविकेचा एक विद्यार्थी आहे. त्याने या नावाचा माग काढला, आणि जे हाती आले ते ऐकून आम्ही सारेच थक्क झालो. युगांडात जे ‘यू-टू’ आणि ‘यू-थ्री’ या नावांचे पंप प्रमाणित मानले गेले, ते आपल्या ‘इंडिया मार्क टू’ आणि ‘मार्क थ्री’ या पंपांचीच रूपे होत. आणि ‘इंडिया मार्क टू’चे मूळ आहे आपल्या सोलापुरात.

ती हकीकत अशी. १९६०च्या दशकातील दुष्काळांनंतर भारताच्या खडकाळ मुलखात कूपनलिका खोदणारी यंत्रे आली. खडक फुटला, पाणी लागले. पण पंप टिकेनात. परदेशातील शेतघराच्या अंगणात एका कुटुंबाने वापरावा, अशा घाटाचे ते ओतीव लोखंडाचे पंप होते. आपल्या गावांत पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो हात त्यांवर पडत. थोड्याच दिवसांत ते मोडत आणि मोडलेलेच राहत. या अडचणीवर उपाय शोधला तो प्रत्यक्ष गावांत वावरणाऱ्या लोकांनी. जालना येथील मिशनच्या पाणीकामातून पोलादाचा एक पंप तयार झाला. त्याचा दांडा एकाच खिळीवर फिरे, आणि टोकाच्या कमानीवरून गेलेल्या साखळीमुळे आतली सळई सरळ रेषेत खालीवर होई. त्यातूनच पुढे सोलापूरचा पंप घडला. तो एका स्वयंशिक्षित कारागिराच्या हातचा, असे सांगतात. १९७०च्या दशकात भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने या सोलापुरी पंपाच्या आधारे ‘इंडिया मार्क टू’ सिद्ध झाला. त्याच्यावर कोणाची मक्तेदारी ठेवण्यात आली नाही; ज्याला हवा त्याने तो बनवावा. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे ५० लाख पंप जगभर बसवले गेले होते.

त्यातही सुधारणा होत राहिली. ‘मार्क टू’चा वायसर बदलायचा म्हणजे सगळे पाइप वर ओढून काढावे लागत, गावच्या माणसांना ते झेपत नसे. म्हणून ‘मार्क थ्री’मध्ये पाइप रुंद केले. त्यामुळे आतला दट्ट्या पाइपांतूनच वर काढता येऊ लागला आणि दुरुस्ती गावाच्या आवाक्यात आली. १९९०च्या दशकात उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात महिला समाख्या या कार्यक्रमातून ग्रामीण स्त्रिया हातपंपाची दुरुस्ती शिकल्या. त्यांतील कित्येकींना अक्षरओळख नव्हती. पाणी भरणे हे बायकांचे काम आणि पंप दुरुस्त करणे हे पुरुषांचे, ही जुनी वाटणी त्यांनी पान्याने सैल केली.

या हकीकतीतून एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. अमुक देश देणारा आणि तमुक देश घेणारा, अशी कायमची विभागणी देवाने केलेली नाही. कॅनडातल्या मुलाचे डॉलर, सोलापूरच्या कारागिराची अक्कल आणि युगांडातल्या बाईचे मनगट अशी तीन खंडांची माणसे एका पंपाशी जोडली जाऊ शकतात. त्यांत कोणाचे दान मोठे, हे आम्हांला सांगता येणार नाही. एक मात्र खरे, की ते मनगट नसेल तर बाकीची दोन्ही दाने फुकट जातात.

आमच्या तरुणांपुढे मात्र पेच उभा राहिला. नवी कूपनलिका म्हणजे उद्घाटन, फीत, आपल्या धर्मग्रामाच्या नावाची पाटी आणि फोटो. जुन्या पंपांची दुरुस्ती म्हणजे पाइप, वायसर, पाने आणि तीन बायकांच्या शिक्षणाचा खर्च. त्याचा फोटो तो काय काढणार? बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. "लोकांनी पैसे विहिरीसाठी दिलेत, दुरुस्तीसाठी नाही," असे काहींचे म्हणणे पडले, आणि तेही अगदीच चुकीचे नव्हते; कारण दात्याच्या शब्दालाही मान असतो. तेव्हा अकरावीत शिकणारी एक मुलगी म्हणाली, "आपल्या बावखलातला गाळ दर उन्हाळ्यात काढायचे, म्हणून पाणी राहायचे, असे माझी आजी सांगते. गाळ काढणाऱ्यांच्या नावाची पाटी कुठे होती?" अखेरीस दुरुस्तीच्या बाजूने निर्णय झाला, तोही थोड्याच मतांनी. ज्यांनी पैसे दिले होते त्यांच्या घरी जाऊन मुलांनी बदललेला बेत समजावून सांगितला. एकानेही पैसे परत मागितले नाहीत. शिवाय त्या ज्येष्ठ गृहस्थांचा शब्द राखून, पुढल्या उन्हाळ्यात मोखाड्याच्या एका पाड्यावर जाऊन तेथील बायकांनाही हाच प्रश्न विचारायचे ठरले : तुम्हांला काय हवे आहे?

आमच्या मते साऱ्या कामाची किल्ली या प्रश्नात आहे. तो न विचारता केलेल्या दानाने पैसा वाया जातो, आणि क्वचित त्याहून मोठी हानी होते. कंबोडियासारख्या देशांत परदेशी पर्यटक आणि स्वयंसेवक तरुण अनाथ मुलांना भेटण्यासाठी येऊ लागले, तशी अनाथालयांची संख्या वाढत गेली. आणि चौकशीत आढळले, की तेथील बहुसंख्य मुलांच्या आईवडिलांपैकी निदान एकजण हयात आहे. दात्यांच्या ममतेला मुले हवी होती, म्हणून गरिबांच्या घरांतून मुले आणली गेली. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात या प्रकाराची दखल घेतली. ते तरुण वाईट होते, असे आम्ही म्हणणार नाही. ते प्रेमानेच गेले होते. त्या मुलांना आपली आई हवी आहे का, एवढे कोणी विचारले नव्हते.

योहानलिखित शुभवर्तमानातील याकोबाच्या विहिरीचा प्रसंग आपण दर उपवासकाळात ऐकतो. भर दुपारी प्रभू येशू प्रवासाने थकून विहिरीपाशी बसला आहे. शोमरोनी स्त्री पाणी भरण्यास आली आहे. जीवनाचे पाणी देण्यासाठी आलेला प्रभू संभाषणाची सुरुवात कशाने करतो? तो तिच्याकडे पाणी मागतो. त्याच्याजवळ पोहरा नाही आणि विहीर खोल आहे, हे ती त्याला ऐकवतेही. ज्या स्त्रीला सारे गाव हलके लेखीत होते, तिच्यापाशी देण्याजोगे काही आहे, हे प्रभूने आधी मान्य केले. मगच त्याने आपले दान पुढे केले. दानाचा हा क्रम आमच्या तरुणांनी मनावर कोरून ठेवावा, असे आम्हांला वाटते. आधी विचारायचे, आधी ऐकायचे, आधी समोरच्याच्या हातातला पोहरा पाहायचा.

शेवटी आईवडिलांसाठी दोन शब्द. आपली मुले अशा कामासाठी पैसे मागू लागली, तर पाकीट उघडून त्यांना मोकळे करू नका. स्वतःचे काही सोडून त्यांना ते पैसे उभे करू द्या. रायनचे सत्तर डॉलर आईवडिलांनी पहिल्याच दिवशी हातावर ठेवले असते, तर पुढले काहीच घडले नसते. हिशेबाची वही त्यांच्याच हाती राहू द्या आणि महिन्यातून एकदा ती पाहण्यास मागा. काम संपल्याचा आनंद त्यांच्यासोबत जरूर साजरा करा. मग वर्ष लोटले, परीक्षा, नोकरी, लग्नकार्य यांत सारे विसरले गेले, की एखाद्या संध्याकाळी जेवताना सहज विचारा, "तो पंप चालू आहे का रे?"

आमच्या मंडळाला सिस्टरांचे दुसरे पत्र आले आहे. एक पंप सुरू झाला. दुसऱ्याचे पाइप अजून यायचे आहेत. शिकणाऱ्या तिघींपैकी एकीने, बाळंतपण जवळ आल्यामुळे, काम सोडले आहे आणि तिच्या जागी कोण, हे गावाने अजून ठरवलेले नाही. मुलांनी त्या पत्राला उत्तर लिहिले आहे आणि पुढल्या पत्राची ती वाट पाहत आहेत.